सुतळीने बांधलेली मूठ

माती उलटणाऱ्या चालू टिलरच्या पात्यांत अडकलेली हरळी मी एकदा हाताने ओढायला गेले. वय अठ्ठावन्न, खांद्यावर मोकळा पदर, आणि डोक्यात ठाम समजूत, की जिने एक सासूबाई आणि दोन मुलं सांभाळली तिला पेट्रोलवरचं एक यंत्र काय करणार! आज बहात्तरीत ती बाई मला भेटली, तर आधी एक चापट देईन आणि मग चहा.

यंत्र होतं नागपूरच्या बेसा भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊजींचं. त्यांच्याइतक्या संथपणे माती उलटणारा माणूस साऱ्या शहरात दुसरा नसेल. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आमचा एवढासा वांग्याचा वाफा, पण तयारी वरात निघाल्यासारखी. आधी तिथली इंच न् इंच जागा काठीने टोकरून दगड, तारा, फुटक्या कपांचे तुकडे वेचायचे. त्यात माझा तीन वर्षांपूर्वी हरवलेला झारासुद्धा सापडला. मग काळ्या मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर काम, नाहीतर मशीन परत घरी. "ओली माती उलटवली तं ढेकळं नाही, विटा होतेत वहिनी," म्हणत ते सलग चार दिवस परत गेले. पायात बूट, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत, बघणारे दहा पावलं मागे. पहिली फेरी उथळ, दुसरी जरा खोल. "मशीनले ढकलाचं नाही, तिच्या मागं चालाचं." आणि पाती साफ करायची तर इंजिन बंद करून ठिणगी देणाऱ्या प्लगची टोपी काढायची, ती सदऱ्याच्या खिशात टाकायची आणि वरून खिसा थोपटायचा. "आता हे मशीन नाही, नुसतं लोखंड हाय."

त्या खिसा थोपटण्याची नक्कल मी भिशीत करून दाखवायचे. बायका पोट धरून हसायच्या. सगळ्यात जास्त मीच.

पाचव्या दिवशी लाडू फुटला. भाऊजींनी दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला मशीन माझ्या हातात दिलं. हँडलची मूठ दाबून धरली तरच पाती फिरायची. सोडली की थांबायची. माझी बोटं दुखायला लागली. भाऊजी पाणी प्यायला ओट्याकडे वळले, तेवढ्यात मी ती मूठ सुतळीने हँडलला बांधून टाकली. इतकी वर्षं या माणसाला हे सुचलं कसं नाही, असंही मनात आलं! दहा पावलांत हरळीचा गुंता पात्यांत बसला. पाती थांबली, इंजिन गुरगुरत राहिलं. मी वाकले, गुंता ओढला, आणि मोकळी झालेली पाती माझा पदर गिळत सुटली. मी गुडघ्यांवर आले. हात आणि पाती यांच्यात वीतभर अंतर उरलं असेल.

भाऊजींना धावताना मी तेवढंच एकदा पाहिलं. सुतळी सोडायला वेळ नव्हता. त्यांनी उघड्या हाताने प्लगची टोपी उपटली. तळवा तापलेल्या सायलेन्सरवर टेकला, तरी टोपी सुटेपर्यंत हात काढला नाही. मग पदर कापून मला मोकळं केलं, आणि मशीन घेऊन गेले. माझी दहाही बोटं शाबूत होती. त्यांच्या तळव्याला पट्टी.

आता त्यांना ऐकू कमी येतं, चालायला काठी लागते. वाफा मीच करते, पदर खोचून. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मातीचा लाडू फोडून देतात. हरळी अडकली की मी टोपी काढून आधी त्यांच्या खिशात टाकते. ते खिसा थोपटतात, तेव्हाच मी पात्यांना हात लावते. भिशीतली नक्कल कधीच बंद झाली.

पदर अडकला त्या दिवसानंतर तीन दिवस ते फिरकले नव्हते. चौथ्या दिवशी कुंपणापाशी आले. आता भाषण ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. पट्टी बांधलेला हात कुंपणावर ठेवून ते म्हणाले,

"मी रागावून नाही राहिलो वहिनी. कारखान्यात एकानं मशीनच्या चालू पट्ट्यात हात घातला होता, अन् त्याच्या घरी सांगाले मलेच पाठवलं होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं, हाताले कणीक लागली होती तिच्या. तुमच्या घरचं दार मले तसं वाजवाले लावू नका."