रीळ पास, रीळ नापास

कमिटी ही चीज ज्यानं काढली त्याचं भलं होवो. चार माणसांना एका बाकड्यावर बसवा, पोरांनी काय बघावं ते ठरवा म्हणून सांगा, मग किस्से शोधत हिंडायची गरज राहत नाही. निजामाच्या राज्यात, तिकडं जर्मनीची लढाई चालू होती त्या दिवसांत, आमच्या कळंबात अशी एक कमिटी होती आणि मी तिच्यात होतो. सिनेमाचा विषय निघाला की एक किस्सा सांगायला जावं तर मागून आणखी चार येऊन उभे राहतात. आज तर तुम्हीच विषय काढलाय. तेव्हा चहा येईपर्यंत ऐका.

*

सुरुवात झाली तहसीलदारसाहेबांच्या चिरंजीवांपासून. बुऱ्हाणभाईंचा तंबूतला सिनेमा सुगी आटोपली की दर साली गावाबाहेर उतरायचा. त्या साली एका सिनेमात नायक गच्चीवरून उडी मारायचा तो थेट घोड्याच्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी तबेल्याच्या छपरावरून तशीच उडी घेतली. उडीत काही खोट नव्हती. पण घोड्यानं सिनेमा पाहिलेला नव्हता. तो जरासा पुढं सरकला आणि चिरंजीव लिदीत बसले.

दुपारपर्यंत हुकूम सुटला. यापुढं मारामारीचा, साहसाचा कुठलाही सिनेमा आधी कमिटी बघेल आणि तो लहान मुलांना दाखवण्याजोगा आहे का, हे ठरवेल. कमिटीत तिघं. एक आमच्या मिडल स्कूलचे हेडमास्तर, ज्यांना सगळं गाव सदरसाब म्हणायचं. मेंदीनं रंगवलेली दाढी, हातात तसबीहची माळ, आणि सिनेमाचा मनापासून तिटकारा. दुसरे वामनराव वकील. तिसरे येरमाळ्याचे बापूराव पाटील, कारण जत्रेला तंबू त्यांच्याच रानात लागायचा. मी त्याच शाळेत नवा मास्तर होतो. मला मत नव्हतं. निकाल लिहायला दौत-लेखणी तेवढी होती.

पाटलांना निरोप द्यायला मीच येरमाळ्याला गेलो. उडीची सगळी हकीकत सांगितली. पाटलांनी ती शांतपणे ऐकली, पान जुळवलं आणि विचारलं, "आन घोड्याला कुटं लागलं न्हाय न्हवं?"

*

हसताय, पण बुऱ्हाणभाईंच्या पोटावरच आलं होतं. आमच्याकडं त्या वेळी एकटा गडी सिनेमाला जात नसे. गाडी जुंपायची, बायको, म्हातारी, पोरं, भाकरीचं गाठोडं, सगळं आत घालायचं आणि निघायचं. पोरांना बंदी म्हणजे अख्खी गाडी घरी. बुऱ्हाणभाई मूळचे शिंपी. तंबू त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेला, फाटला तर स्वतःच ठिगळ लावायचे. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मोठ्यांना बंदी घाला, मी हूं की चूं करणार नाही. पोरांना तेवढी नका घालू."

मी म्हणालो, "भाई, मला मत नाही." ते म्हणाले, "मालूम है. पण तुमच्याशिवाय ऐकून कोण घेतंय?"

*

कमिटी दुपारच्याला कापसाच्या जिनिंगच्या गोदामात बसायची, कारण गावात अंधार असलेली तेवढीच जागा. बुऱ्हाणभाईंकडं मशीन एकच. त्यामुळं एक रीळ संपलं की खेळ थांबायचा, कंदील लागायचा, दुसरं रीळ चढायचं. मधल्या वेळात वकील गप्प कसे बसणार? त्यांनी पहिल्याच दिवशी ठराव मांडला की प्रत्येक रिळाचा निकाल वेगळा द्यावा.

तसा दिला. पहिलं पास, दुसरं पास, तिसऱ्यात तलवारीची लढाई म्हणून नापास, पुढची सगळी पास. बुऱ्हाणभाईंनी हुकूम पाळला. खेळाच्या वेळी तिसरं रीळ आलं की सगळ्या पोरांना तंबूबाहेर काढायचे, संपलं की आत घ्यायचे. पोरंही कशी शहाण्यासारखी रांगेनं बाहेर जायची. सदरसाब खूश झाले. म्हणाले, "देखो मास्तर, इसको कहते शिस्त."

आठवडाभरात शाळेच्या मैदानावर काठ्यांची लढाई सुरू झाली. सदरसाब गॅलरीत उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग मला हाक मारली. "मास्तर, ये सब डाव्या हातानं का लढायलेत?"

मी बघितलं तर खरंच. वर्गात उजव्या हातानं लिहिणारं एकूण एक पोरगं तलवार डावीत धरून लढत होतं. माझ्या ध्यानात यायच्या आत सदरसाबांच्या आलं. पोरं बाहेर जायची ती तंबूला वळसा घालून मागून आत शिरायची, आणि पडद्याच्या पाठीमागं बसून तिसरं रीळ पुरतं बघायची. मागून सगळं उलटं दिसतं.

वकिलांना ते पटेना. पुरावा पाहिजे म्हणाले. मग गोदामात तेच रीळ पुन्हा लावलं आणि पाटलांना पडद्याच्या मागं बसवलं. रीळ संपल्यावर पाटील धोतर झटकत बाहेर आले.

"गडी डावरा हाय," ते म्हणाले, "पन मारतोय झ्याक."

त्या दिवसापासून नियम बदलला. एक रीळ जरी नापास झालं तरी सबंध सिनेमा नापास. मशीन तिथंच बंद, पुढचं रीळ चढवायचंच नाही.

*

वकिलांचं एक सांगतो. एका सिनेमात डाकू दारात येतात आणि दहा वर्षांच्या पोराला दरडावून विचारतात, बाप कुठं आहे? बाप कणगीत लपलेला. पोरगं म्हणतं, गावाला गेलेत. डाकू निघून जातात.

कंदील लागला तसे वकील उठले. "नापास. मुलगा धडधडीत खोटं बोलतो."

सदरसाबांनी तसबीह थांबवली. "वकीलसाब, मग त्यानं काय सांगायला पाहिजे होतं? कणगीत बघा म्हणून?"

वकिलांनी उपरण्यानं चष्मा पुसला, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "वकील आल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असं सांगायला पाहिजे होतं."

ते रीळ पास झालं. वकिलांनी विरोध लिहून घ्यायला लावला, तो मी लिहिला.

*

पाटलांची पारख सोपी होती. बघताना डोळा लागला तर सिनेमा पोरांना चांगला. झोप उडाली तर त्यात काहीतरी भानगड आहे.

बुऱ्हाणभाईंनी हे हेरलं. पुढच्या वेळी त्यांनी पाटलांना दुपारी जेवायलाच बोलावलं. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, वर गुळाची खीर. पाटील गोदामात आले ते भिंतीला हात लावत लावत, आणि पहिल्या रिळातच गार झाले. घोरणं तर असं की मशीनला वीज देणारं बाहेरचं इंजिन ऐकू येईना. नायक काय बोलतो, डाकू काय बोलतो, कुणाला एक शब्द कळला नाही.

रीळ संपलं. वकील म्हणाले, "संवाद ऐकू आलेले नाहीत. आत काय आहे कुणास ठाऊक. संशयाचा फायदा पोरांना. नापास." सदरसाबांनीही मान हलवली. दोन मतं झाली, मशीन बंद.

तेवढ्यात पाटील जागे झाले. ढेकर देऊन म्हणाले, "लई चांगला शिनेमा. पोरांना जरूर दावा."

बुऱ्हाणभाईंचा चेहरा मला बघवला नाही. हंगामातला तो त्यांचा दुसरा सिनेमा गेला होता.

*

मग आला तो सिनेमा. येरमाळ्याच्या येडाईची जत्रा तोंडावर आलेली, चारी बाजूंनी गाड्या येणार. बुऱ्हाणभाई सोलापूरहून रिळांचे डबे घेऊन उतरले आणि सरळ माझ्याकडं आले. "मास्तर, ये आखरी. हा गेला तर मशीन विकणार आणि सोलापूरला मेहुण्याच्या दुकानात काजं करत बसणार. मशीन बदलेल, एवढंच." हसत सांगितलं, पण डबे काही खाली ठेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मला मत असायला हवं होतं असं खरंच वाटलं.

सिनेमा एका घराचा होता. आजोबांना डाकूंनी किल्ल्यात कोंडलंय आणि आई, बाप, मुलगा आणि धाकटी मुलगी असे चौघं त्यांना सोडवायला निघतात. नदी काय ओलांडतात, कडा काय चढतात, बघत राहावं.

चौथ्या रिळात आईनं काठी घेऊन एका डाकूला लोळवला. कंदील लागायच्या आत वकील म्हणाले, "आईनं पोरांच्या देखत मारामारी करावी? काय शिकायचं पोरांनी?"

पाटील म्हणाले, "वकीलसाब, गेल्या साली आमच्या घरात चोर शिरला. पाटलीणबाईनं मुसळ घिऊन त्याला पार येशीपतूर नेला. पोरं समदी बघत हुती."

"आणि तुम्ही?"

"म्या बी खिडकीतनं बघत हुतो."

सदरसाब दाढीत हसले. चौथं पास झालं.

पाचव्यात धाकटी मुलगी किल्ल्याच्या तटावरून घसरली. हातात एक दोर, खाली नुसती दरी. वर डाकू सुरी घेऊन दोर कापायला बसलेला. बाप लांब, आई त्याहून लांब. दोराचे पीळ एकेक तुटायला लागले, पोरीनं वर बघितलं, आणि रीळ संपलं. पडदा पांढरा झाला.

कंदील लागला. वकील लगेच म्हणाले, "नापास. असलं बघून कुठलं पोर रात्री झोपेल?"

पाटील म्हणाले, "पास." आज डोळा एकदाही लागला नव्हता, तरी.

आता सगळं सदरसाबांवर. एरवी ते कंदिलाची काच खाली यायच्या आत निकाल सांगायचे. आज तसबीह मांडीवर तशीच पडलेली. बुऱ्हाणभाई सहाव्या रिळाचा डबा छातीशी धरून मशीनपाशी उभे होते. झाकणावर हात, पण झाकण काढायची सोय नाही. मी लेखणी शाईत बुडवून बसलो होतो, शाई टपकत होती.

"सदरसाब," वकील म्हणाले, "नियम स्पष्ट आहे. पाचवं पास झाल्याशिवाय सहावं लावता येत नाही. आणि हे पाचवं तुमच्या शाळेतल्या मुलांना दाखवाल का, एवढंच सांगा."

सदरसाब उठले. पडद्याजवळ गेले, मान वर करून त्या पांढऱ्या कापडाकडं थोडा वेळ बघितलं. मग परत येऊन बाकड्यावर बसले आणि मशीनकडं वळून म्हणाले,

"बुऱ्हाण मियाँ, पैले बच्ची को उप्पर लो. फैसला बाद में करते."