टॉवेलाखालचं बहुमत

आमच्या दुकानात गल्ल्याखाली स्टोच्या पिनांचा एक खण होता. गिऱ्हाईक एक पिन मागायचं, मी हात घालायचो आणि एकमेकींत अडकून चार वर यायच्या. बाकड्यावरच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला जावं, तर बाकीचे आपोआप हाताला लागतात!

शिवाजी पेठेत माझं स्टो, कंदील, पेट्रोमॅक्सचं दुकान. शिक्षण सातवी, पुढचं सगळं माल गुंडाळून येणाऱ्या जुन्या पेपरांतून झालं. पंतप्रधान भराभर बदलत होते त्या काळात दुकानापुढच्या बाकड्यावर रोज सकाळी आमची संसद भरायची. म्हशींचे दलाल नाना, शाळेतून रिटायर झालेले कांबळे सर आणि भिंती रंगवणारे पेंटर इकबालभाई. वाद देशाचा चालायचा. पण सरकारनं गॅस सगळ्यांना खुला केला तर माझं दुकान राहणार की जाणार, हा प्रश्न त्यात रोज येऊन बसायचा. या तिघांचे माझ्यावर किती उपकार आहेत ते सांगायला मला धड जमत नाही. म्हणून किस्से सांगतो.

✱

नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला त्या सकाळी असा काही आरडाओरडा झाला, की पिन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भांडण समजून परत गेलं! सर म्हणत होते पाच वर्षं टिकणार, इकबालभाई म्हणत होते दिवाळीसुद्धा बघणार नाही.

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला. म्हशीच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, टॉवेलाखाली बोटं धरून सांगतात. बाजूला उभा असतो त्यालाही कळत नाही.

"जेवडी बोटं धरशीला तेवडी वर्सं. पाचीच्या पाची धरली, तर पुरी मुदत. न्हाय टिकत वाटलं तर नुसता तळव्याला हात लावायचा. आनि टॉवेलातलं टॉवेलात!"

एकेकानं हात घातला. नानांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"काय निघालं, नाना?"

"कुनाचं काय ते सांगनार न्हाय. पर इतकी वर्सं दलाली केली, तोंडाचा भाव आनि बोटाचा भाव इतका लांब कदी बघितला न्हवता!"

✱

अभिनंदनाच्या भिंती रंगवायचं काम इकबालभाईंकडं यायचं. एका खेपेला पंतप्रधानांचं चित्र निम्मं रंगलं आणि तिकडं दिल्लीत सरकार पडलं! कार्यकर्ता गायब, रंगाचा खर्च अंगावर.

पुढच्या वेळी आम्ही मुद्दाम भिंत बघायला गेलो. पांढराशुभ्र सदरा, नमस्काराला जोडलेले हात. मानेच्या वर मोकळी भिंत.

सर म्हणाले, "भाई, तोंड कधी काढणार?"

"बहुमत सिद्ध होऊ दे की, सर! सदरा कुनालाबी बसतो."

✱

बजेटच्या दिवशी तर धंदाच बंद. रेडिओ मोठ्यानं लावलेला; परदेशी माल येऊ द्यावा की न द्यावा, यावर मी उभा राहून बोलत होतो. शाहूवाडीकडची एक मावशी कंदिलाची काच घ्यायला आली होती, ती पायरीवर पिशवी ठेवून ऐकत बसली. बराच वेळ ऐकलं बिचारीनं.

मग म्हणाली, "पावणं, देश चालवून झाला की काच देताय न्हवं? माजी यष्टी हाय."

मी ओशाळून काच बांधायला घेतली. नाना कसले गप्प बसतायत! "मावशे, ह्यो नवा पंतप्रधान टिकंल काय गं?"

मावशीनं काच उजेडात धरून बघितली. "ह्या काचंपरास जास्त टिकला तरी लई झालं!"

✱

गॅसवरून माझं आणि सरांचं कायम वाजायचं. ते म्हणायचे, "अण्णा, घरोघरच्या बायकांचे डोळे वाचतील." मी म्हणायचो, "आणि माझं पोट कोण वाचवणार?" एका दिवशी तर सरकार स्टोवाल्यांच्या पोटावर कसं पाय देतंय, यावर मी तासभर बोललो. घसा बसला. घरी जेवायला गेलो, तर ओट्याखाली लाल सिलेंडर!

"हे कुणी आणलं?"

"नंबर लागला," बायको म्हणाली. "सरांनी फॉर्म भरून दिलता. सही तुमचीच हाय की."

"मी कधी केली?"

"बाकड्यावर. तुमचं गॅसच्या विरोधात भाषण चालू होतं. मी कागद पुढं केला, तुम्ही बोलत बोलत केली!"

महिन्याभरानं शेगडीचा एक बर्नर नीट पेटेना. बायको म्हणाली, आता बघा तुम्हीच. उघडली, तर आत माझी जुनीच ओळख: एक बारीक भोक आणि त्यात अडकलेला कचरा. खिशातली स्टोची पिन घातली. निळीभोर ज्योत!

"मग?" बायको म्हणाली. "कुनी पाय दिला पोटावर?"

✱

तरी पिनेवर घर चालत नाही. गॅस खरंच खुला झाला आणि आठवड्याला एक स्टो खपेना. मोबाइलचं दुकान टाकायचं म्हणून एक पावणं जागा बघायला आले. माणूस चांगला, पण घाईचा. "आजच शब्द द्या."

मी बाकड्याकडं बघितलं.

सर म्हणाले, "अण्णा, जग बदललं. भावनेत अडकू नका, विकून टाका."

इकबालभाई म्हणाले, "माजं बघतोस न्हवं? फ्लेक्स आला, ब्रश वाळला. तू तरी येळंत सुट की!"

नाना सगळ्यात मोठ्यानं, "इकून टाक म्हनतो की! भाकड म्हैस किती दिस सांभाळनार?"

पावणं खूश झाले. मी म्हटलं, "नाना, टॉवेल काढा."

"ह्या खेपंला तू धर. मलाबी मत हाय."

मी टॉवेल हातावर घेतला. विकायचं असेल तर नुसता तळव्याला हात, ठेवायचं असेल तर बोटं.

आधी सरांचा हात आला. पाचीच्या पाची. मग इकबालभाईंचा. पाची. शेवटी नानांनी पाचही बोटं धरली, ती सोडेचनात.

मी टॉवेलाची घडी केली आणि पावण्यांना म्हटलं, "चहा घेऊन जावा."

बाकड्यावर तिघंही अजून ओरडतच होते, "विकून टाक म्हणतो की!"