आयव्हीच्या भिंतीचा गिलावा

मी विल्फ, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका खेड्यातला गवंडी. हात चांगला, अक्कल बेताची. आयव्ही गॅरडचं घर पडायला आलं ते माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो.

आयव्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्याच घरात जन्मली, गावाचे कपडे धूत तिथेच बहात्तरची झाली. घर चारशे वर्षांचं. ओकच्या लाकडांचा सांगाडा, मध्ये मातीने लिंपलेला कूड, वर गव्हाच्या काडाने शाकारलेलं जाडजूड छप्पर. बारा वर्षांपूर्वी त्या कुडावर मी सिमेंटचा गिलावा चढवला.

"मातीच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो रे," ती म्हणाली होती.

"भिंतीला काय नाक असतं?" म्हणत मी खो खो हसलो. वर गावभर मिरवलो.

आत शिरलेलं पाणी सिमेंटमुळे बाहेरच पडेना. यंदा मार्चमध्ये जोत्यावरचं लाकूड भुसभुशीत झालं आणि घर रस्त्याकडे कललं. कौन्सिलचा माणूस आला. "मिसेस गॅरड, मेअखेर दुरुस्त झालं नाही तर पाडावं लागेल. तुम्हाला छान फ्लॅट देऊ."

"फ्लॅटमध्ये तुझ्या आईला ठेव!" म्हणत तिने दार आपटलं. मग आत बसून रडली. मी खिडकीतून पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो.

"आता काय, छप्परही सिमेंटचं करतोस?"

मी खाली मान घालून गिलावा फोडत राहिलो. जॅकवर घर पेललं, कुजलेलं लाकूड कापून ओकचा नवा तुकडा सांधला. मग माती, काड आणि शेण कालवलं. आयव्हीने बूट काढले, स्कर्ट खोचला आणि चिखलात उतरली.

"अगं, या वयात?"

"तुडव गपचूप! तुझ्यावर सोडून एकदा फसले, तेवढं पुरे."

भांडत भांडत आम्ही भिंती लिंपल्या. सुकल्यावर चुना दिला.

मेअखेर तो माणूस आला. टोच्याने लाकडं टोचली, भिंतीवर बोटं वाजवली आणि कागदावर सही केली. घर वाचलं! जाता जाता त्याने विचारलं, "पण मुळात ते सिमेंट कुणा गाढवाने लावलं होतं?"

मी तोंड उघडलं, पण आयव्ही आधी बोलली. "होता कुणी उपटसुंभ. मेला कधीच." मग माझ्याकडे वळली. "विल्फ, उभा काय राहिलास? चहाचं आधण ठेव."

मी डोळे पुसत आत गेलो.