हवा मोजणारी नणंद

माझ्या नणंदेइतका हवेवर अविश्वास असलेला माणूस आख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. बँकेतून रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. हिनं हवेतला धूर-धूळ मोजायचं यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढं. हवा बरी असली की हिरवा दिवा, बिघडली की लाल. सिंदी मेघेत आमची घरं समोरासमोर, त्यामुळे पहिली तपासणी माझ्या स्वयंपाकघराची झाली. मिरच्यांची फोडणी पडताच दिवा लाल झाला आणि ती गंभीरपणे म्हणाली, "वहिनी, तुमच्या वरणापेक्षा हायवे बरा." मग तिनं कुणालाच सोडलं नाही. हिंगणघाटला भाचीच्या लग्नात ती यंत्र घेऊन थेट होमापाशी बसली. ऐन सप्तपदीत म्हणाली, "महाराज, तूप कमी टाका, लाल होऊन राह्यलं." महाराजांनी मंत्र न थांबवता तिच्याकडं असं काही पाहिलं की घाबरून नवरदेवाचंच पाऊल चुकलं.

आमच्या लेआउटमध्ये एकामागून एक इमारती उठत होत्या आणि उरलेल्या एकुलत्या मोकळ्या प्लॉटवर रोज सकाळी सगळ्यांचा कचरा जळायचा. पलीकडंच अंगणवाडी. पोरं खोकायची, आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. नणंद मात्र यंत्र घेऊन धुरात उभी राहायची. शेवटी तिनं वॉर्डाच्या मेंबरलाच बोलावून घेतलं. लाल दिवा बघून तो म्हणाला, "ताई, मशीन बिघडली असन."

"असन ना. मंग बसा जरा इथंच, चहा आणते."

धूर जिकडं वाहत होता तिकडं खुर्ची टाकून तिनं त्याला बसवलं आणि चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवला. कप हातात येईपर्यंत मेंबरचे डोळे दिव्याहून लाल झाले होते. पुढच्याच आठवड्यात गल्लीत कचऱ्याची गाडी यायला लागली.

तिला दमा आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर तो चांगलाच बळावला होता. मुलानं तिला पुण्याला नेलं, वरच्या मजल्यावरच्या बंद खिडक्यांच्या घरात. संध्याकाळी तिचा फोन येतो. माझे गुडघे, तिच्या भावाचं बीपी, कशाचीच चौकशी नाही, फक्त "हवा कशी आहे?"

काल फोन आला तेव्हा मी फाटकाशी उभी होते. त्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळून राहिली होती.

"चांगली आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "माह्या वाटचीबी घेजा, वहिनी."