सोमवारची गोळी

"नांदेडला चिठ्ठी देतो. शॉक द्यायचे की नाही, ते तिथं ठरवतील," डॉक्टर म्हणाले. रेखा समोरच बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. हिंगोलीत मी एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात सिस्टर होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. केसपेपर, पुढची तारीख, नंबर लावणं माझ्याकडे.

रेखा सिद्धेश्वर धरणाकडच्या गावातली. बाळंतपणानंतर ती गप्प झाली होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. लेकरू रडलं तरी उचलायची नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच रक्त तपासलं, तर थायरॉईड कमी निघालं. थायरॉईड म्हणजे गळ्यातली एक ग्रंथी. तिचं हार्मोन म्हणजे शरीराच्या चुलीतला जाळ. तो मंदावला की शरीर मंदावतं आणि मनही. उपाय साधा आहे. तेच हार्मोन गोळीतून रोज द्यायचं. म्हणून रेखाला नैराश्याची गोळी रात्री आणि थायरॉईडची सकाळी, अशा दोन सुरू केल्या होत्या. तीन महिन्यांत फरक शून्य.

"नांदेड-फांदेड न्हाई जमत, साहेब," नवरा दारातूनच म्हणाला. "माहेरी सोडतो हिला. बरी झाली की आनू."

"आन न्हाई झाली तं?" सासूनं विचारलं. गयाबाई औंढ्याला नागनाथाच्या मंदिराबाहेर बेल-फुलं विकायच्या. लेकरू त्यांच्याच मांडीवर होतं.



"मावशी, गोळ्या चुकत नाहीत ना?" मी विचारलं.

"एक बी न्हाई. मी सोता देते." त्यांनी पिशवीतून थायरॉईडची बाटली काढून दिली. मी हलवली. भरलेली बाटली फारशी वाजत नाही. तीन महिन्यांनंतरही ही जेमतेम वाजली.

"ही नवी आणली का?"

"न्हाई. पहिलीच हाय."

"मग रोज कुठं देता?"

"रोज काहून? रातची देते रोज. ही उपाशीपोटी द्या म्हनले ना साहेब. म्हून सोमवारी देते. नागनाथाचा उपास असतो आमचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"एका उपासानं गुन येईना, म्हून मांगल्या महिन्यापासून गुरुवार बी धरला," गयाबाई सांगत होत्या. "पन ही आधीच अशक्त. गोळी दिली की हिला जेवू घालते. हिच्या वाटचा उपास मी करते. चालतं का तसं, सिस्टर?"

कोणी हसलं नाही.

"मी रोज म्हणालो नव्हतो?" डॉक्टरांनी मला हळूच विचारलं.

"म्हणालात. रात्रीच्या गोळीला."

त्यांनी नांदेडची चिठ्ठी फाडली. गोळी रोज सकाळी, चहाच्या अर्धा तास आधी द्यायची, हे गयाबाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग नवऱ्याकडे वळले. "दीड-दोन महिने थांबा."

"तवर लेकराकडं कोन पाहीन?"

"मी पाहून राहिले न्हाई का?" गयाबाई म्हणाल्या. "हिला माहेरी सोडायचं तं मला बी तिथंच सोड. मंग तू अन् तुही चूल."

तो थांबायला तयार झाला.

दोन महिन्यांनी ते आले तेव्हा शाल नव्हती. बाकावर लेकरू रडायला लागलं, तशी रेखानं न सांगता ते सासूच्या मांडीवरून उचललं आणि खांद्याला लावलं. गयाबाईंचे हात थोडा वेळ तसेच पसरलेले राहिले. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आत आल्यावर रेखा पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली.

"सिस्टर, आत्याबाईला सांगा ना, गुरुवार सोडा म्हून. चक्कर येऊन राहिली त्यांला. माहं ऐकत न्हाईत."

गयाबाईंनी गुरुवार सोडला. सोमवार सोडायला तयार नव्हत्या. मीही आग्रह केला नाही.

रेखाची गोळी पुढं चालू राहिली आणि ती सासरीच राहिली. भिंतीवरच्या सूचनांच्या यादीतून 'उपाशीपोटी' हा शब्द मी त्याच आठवड्यात खोडला. त्या जागी लिहिलं, 'रोज सकाळी, चहाच्या आधी'. चहाचा उपास आमच्या जिल्ह्यात कोणीच करत नाही.