मिनिटबाई आणि बंद पंखा

मिनिटबाईंनी पंखा बंद केला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. सोलापूरचा उन्हाळा, दुपारचे दोन वाजलेले, आणि या बाई शांतपणे बटणाकडे चालत जायच्या. मग स्टेथोस्कोप कानात, नजर घड्याळावर, आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं त्यांना मान्य नव्हतं. "उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत काय झालं, हे तुला कोणी सांगितलं?" असं विचारायच्या. त्या आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर. समोर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, मिनिटबाई हे नाव पाठीमागे चालायचं.

रुग्णांनी वेगळाच हिशेब मांडला होता. ज्याच्या डोक्यावरचा पंखा या बाई बंद करतात, तो जातो. खरं तर त्या सगळ्यांचाच बंद करायच्या, ठोके नीट ऐकू यावेत म्हणून. पण मेलेल्यांचाही करायच्या. डॉक्टर मृत्यू सांगून गेले, तरी त्या पुन्हा मिनिटभर छाती ऐकायच्या आणि हळूच म्हणायच्या, "सुन्ना." तेलुगूत शून्य. घर तेलुगू विणकरांचं, मागावरचं, त्यामुळे आकडे मोजायच्या ते तेलुगूतच. "मागांच्या खडखडाटात आईची हाक ऐकायला शिकले," म्हणायच्या, "त्यापुढे हृदय म्हणजे लई मोठा आवाज."

बोलताना त्या डोळ्यांकडे बघत नसत, मानेकडे बघत. मी एकदा उशिरा वर्गात शिरले तर म्हणाल्या, "जिना पळत आलीस. एकशे चार." बसल्यावर मी बाकाखाली गुपचूप मोजले. अठ्ठ्याण्णव होते. "आता कमी झाले असतील," त्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या वर्गाने गळ्याजवळचं बटण लावायला सुरुवात केली.

त्यांचं शिकवणं मी वहीत आकडे घालून उतरवलं होतं. आजही नव्या मुलींना तीच यादी देते. एक, आधी बघायचं, मग हात लावायचा, मग ऐकायचं. दोन, नख दाबून सोडायचं, रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. तीन, नडगीवर बोट दाबायचं, खड्डा राहिला तर अंगात पाणी साचतंय. चार, हृदयाचं टोक डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे. पाच, नाडीला तीन बोटं, अंगठा कधीच नाही. "अंगठ्यात तुझीच नाडी उडते, अम्मा. मेलेल्याच्या हातातसुद्धा ठोके सापडतील."

हे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला सरावाच्या पुतळ्याची नाडी मोजायला लावली. आम्ही चौदा जणी. कोणी बहात्तर लिहिले, कोणी ऐंशी, मी अठ्ठ्याहत्तर. मग त्यांनी पुतळ्याची वायर उचलून दाखवली. प्लग लावलेलाच नव्हता. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे मोहोळचा एक टेम्पोवाला होता, छातीत दुखतंय म्हणून आलेला. वॉर्डात मॉनिटर एकच, तो दुसऱ्या खाटेला. दुपारी हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बायको उशाशी. मी ठोके मोजायला गेले तशी तिने माझा हात धरला. "ताई, त्या पंकावाल्या बाईस्नी बोलवू नका. तुमीच बगा की."

मला तिची दया आली, आणि अजून सहा खाटा बाकी होत्या. पंखा चालूच ठेवला. एका हातात तक्ता, दुसऱ्या हाताने मनगट पकडलं, जसं आलं तसं. ठोका लगेच लागला, चांगला ठसठशीत. पंधरा सेकंद, गुणिले चार. चौऱ्याऐंशी.

"चांगलं हायत न्हवं?"

"चांगले आहेत. जेवून या तुम्ही."

ती भाकरीचं फडकं घेऊन जिन्यात गेली. दहा मिनिटांनी मॅडम आल्या. दारातूनच त्याच्या मानेकडे पाहिलं आणि बटणाकडे वळल्या. पंखा थांबला. धावत आलेल्या डॉक्टरांना फार काही करावं लागलं नाही. हात गार होता. तो दहा मिनिटांत एवढा गार होत नाही.

"किती लिहिलेस?" मॅडमनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"कुणाचे?"

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून उडत होता.

तक्ता खोडायला गेले तर त्यांनी पेन धरलं. "गिरगटू नको. एक रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. सही कर. आणि जिन्यात जाऊन तूच सांग."

त्याच्या बायकोचा घास हातातच राहिला. "आत्ता तर बगितलंसा की तुमी," एवढंच म्हणाली. कळलं असतं तर ती त्याच्याजवळ बसली असती. मी तिला जेवायला पाठवलं होतं.

"मला काढतील का?" मी संध्याकाळी विचारलं. मॅडमनी सगळं होतं तसं वर कळवलं होतं.

"काढू नका म्हणून सांगितलंय. घरी गेलीस तर विसरशील."

निवृत्तीनंतर त्यांचंच हृदय थकलं. मी रविवारी जायची. ठोके आम्ही दोघी मिळून मोजायचो, एकाच मिनिटात, मी छातीवर, त्या स्वतःच्या मनगटावर. छातीवर एकशे दहा, मनगटावर अठ्ठ्याऐंशी. हृदय उडतं, पण कमजोर ठोका हातापर्यंत पोचत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. तरी एकदा माझ्या मानेकडे बघत म्हणाल्या, "बावीस वाटेत राहतात. कुठं थांबतात गं ते?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचा भर दुपारी फोन आला. पोचले तेव्हा डॉक्टर येऊन, सांगून गेले होते. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग चालू होते, खाट थरथरत होती. मी भाचीला सांगून माग थांबवले. पंखा बंद केला. पूर्ण एक मिनिट ऐकलं.

"सुन्ना," मी म्हणाले.

स्टेथोस्कोप काढून त्यांचा हात चादरीवर नीट ठेवायला घेतला आणि तो तसाच धरून बसले. माझा अंगठा त्यांच्या मनगटावर गेला होता. ठोका लगेच लागला, चांगला ठसठशीत. मी घड्याळ बघितलं आणि मोजायला लागले. मिनिट पुरं होईपर्यंत हात सोडवेना.

भाची पुढे वाकली. तिने माझे हलणारे ओठ पाहिले असावेत. "ताई, लागतोय का ठोका?"

"नाही," मी म्हणाले. "हा माझा आहे."