साहेब बोटीच्या तळाशी

हिंजवडीत कंपनीची कॅब ट्रॅफिकमध्ये उभी होती, तेव्हा नामदेवकाकांचा फोन आला. कोळवणला आत्याच्या घराला लागून त्यांची भातशेती आहे. "ताई, आत्याबाई गेल्या. पडवीत, खुर्चीवरच... हातात पॉलिशपेपर हाय अजून." मी नुसतं "बरं" म्हटलं.

आत्या जहाजांचे आराखडे करायची. मुंबईत एका डिझाइन ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली. नौदलाचं एक जहाज वेगात असलं की मागच्या बाजूला थरथरायचं. तिथला आकार कसा बदलायचा, हे तिने शोधून काढलं. आराखड्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव लागलं ते तिच्या साहेबांचं. तिने विचारलं, तर म्हणाले, "तुझं लग्न झालं की तुला हे आठवणारसुद्धा नाही." तिने लग्न केलं नाही, आणि ती काही विसरलीही नाही.

पुढे साहेब वारले आणि नौदल अभियांत्रिकीतल्या कामगिरीसाठी त्यांच्या स्मरणार्थ मेडल सुरू झालं. एका वर्षी ते चक्क आत्यालाच जाहीर झालं. बाबांना वाटलं, ही नाकारणार. ती कडक इस्त्रीची साडी नेसून गेली, मेडल घेतलं, आणि भाषण न करता खाली उतरली. मेडलच्या एका बाजूला नांगर होता, दुसऱ्या बाजूला साहेबांचा चेहरा.

निवृत्तीनंतर कोळवणला ती लाकडी बोटी करायची. चिखलणी झालेल्या खाचरात लावणीआधी पाणी उभं असतं. त्यात बोट सोडून, दोरी धरून ती बांधावरून एका चालीने चालायची आणि मागे उठणाऱ्या लाटा बघायची. नामदेवकाका रोपं घेऊन ताटकळत उभे.

"आत्याबाई, औंदा भात लावायचा का बोटी?"

"बोटी लावा. भाव चांगला मिळेल."

बोट नीट तरंगायला तळाशी वजन लागतं. एका बोटीत तिथे तिने मेडल आतून ठोकलं, चेहरा वर करून, एक स्क्रू कपाळातून, दुसरा गळ्याखालून. मी विचारलं, "फेकून का नाही देत?"

"फेकलं की विसरायला होतं. वजन हवंच होतं, साहेब बसले." एवढं बोलून ती पुन्हा लाकूड घासायला लागली... रागावलेली नव्हती, उलट खुशीत दिसत होती.

तेरावं झाल्यावर साहेबांचे चिरंजीव आले. मेडल देणाऱ्या संस्थेत काचेचं कपाट होणार होतं. त्यात आत्याचं मेडल ठेवायचं आणि खाली लिहायचं, 'साहेबांची लाडकी शिष्या'. मी हळूच विचारलं, "तो आराखडा तिचा होता, असं लिहाल का?"

"अगं, दोघंही गेली आता. कशाला उकरून काढायचं?"

मी त्यांना खाचराकडे नेलं. बोट त्या दिवशी पाण्यात होती.

"सायेब, बूट काडा. चिकूल लई हाय," नामदेवकाका म्हणाले. त्यांनी काढले नाहीत. घोट्यापर्यंत रुतले, वाकले, आणि त्यांना बोटीच्या तळाशी वडील दिसले.

"हा अपमान आहे."

"हो," मी म्हणाले.

ते मागे वळले, पण पाय चिखलातून निघेना. एक बूट काढायला नामदेवकाकांना फावडं आणावं लागलं.

कपाटात आता मेडलऐवजी आत्याचा फोटो आहे. खालची ओळ तीच, शिष्या. म्हणून हे लिहिते आहे. ती कुणाची शिष्या नव्हती. आराखडा तिचा होता, साहेबांनी तिचं नाव वगळून स्वतःचं घातलं. मला स्टेजवर बोलता येत नाही. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याही घरी जाते.

सगळीकडे लावण्या उरकल्या आहेत. घरालगतचं एक खाचर नामदेवकाकांनी तसंच ठेवलंय, का ते मी विचारलं नाही. रविवारी मी आत्याच्या चालीने बांधावरून बोट ओढते. या रविवारी बोटीची एक फट उघडली होती. पाणी आत येत येत साहेबांच्या हनुवटीला लागलं.

"तांब्या आनू का ताई, उपसाया?"

"राहू द्या, काका," मी म्हटलं. "अजून थोडं येऊ दे."